औषध घरी यायचं, आता फलक येतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मोफत आरोग्य शिबिरांच्या बातम्या आपल्या अंकात फोटोसह येतात, त्यावरून लिहितो आहे.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात आमच्या घरी आत्याची एक लाकडी पेटी होती. आत चण्याएवढ्या बुचांच्या बाटल्या, त्यांत साबुदाण्यासारख्या पांढऱ्या गोळ्या. सगळे म्हणायचे 'मंगळूरचं औषध'. पोस्टमन व्ही.पी. (पैसे भरून सोडवायचं पार्सल) घेऊन आला की आत्या पदराची गाठ सोडून पैसे द्यायची आणि मग गल्लीभर तीच डॉक्टर! गोळ्यांनी गुण यायचा की आत्याच्या धाकाने, हा वाद मी घालणार नाही.

पुढे मुलाच्या नोकरीमुळे मंगळूरला जाणं झालं, तेव्हा तिथल्या कंकनाडी भागात, हे औषध जिथून यायचं ते ठिकाण पाहिलं. फादर ऑगस्टस मुल्लर हे जर्मन जेझुइट, म्हणजे त्या ख्रिस्ती संघाचे धर्मगुरू. १८८० मध्ये त्यांनी एका वडाखाली गरिबांना होमिओपॅथीची औषधं द्यायला सुरुवात केली. महारोग्याला लोक दारातही उभं करत नव्हते, त्या काळात, १८९० मध्ये, त्यांनी अशा रुग्णांसाठी आश्रम काढला. १९१० मध्ये ते गेले. आज तिथे मोठं रुग्णालय आहे, १९९९ पासून मेडिकल कॉलेजही. पण मला अप्रूप वाटतं ते त्या टपालाचं. मंगळूरला कधीही न गेलेल्या आत्यापर्यंत तिथलं औषध पोहोचत होतं, आणि संपलं की पुन्हा मागवता येत होतं.

आमच्याकडे आता काय होतं? मागच्या वर्षी बेळगाव शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाची गाडी गावात आली. (नाव घेत नाही, सगळ्यांची तऱ्हा तीच.) शाळेच्या व्हरांड्यात फलक, पाहुण्यांना हार, दोन तास भाषणं. शेजारच्या काकूंचं बीपी चढलेलं निघालं. पंधरा दिवसांच्या गोळ्या आणि एक चिठ्ठी मिळाली, कन्नड-इंग्रजीत. काकूंना मराठी वाचता येतं, तेही चष्मा लावून. सोळाव्या दिवशी काय करायचं, हे कुणी सांगितलं नाही.

आमच्याच तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांची कथा तर विचारूच नका. पावसाळ्यात तिथला आजारी माणूस डोलीतून चिखल तुडवत आणावा लागतो. त्यांनी बेळगावला कितीदा यायचं?

म्हणून शहरातल्या सर्व रुग्णालयांना, मिशनची असोत वा शिक्षण संस्थांची, एवढीच विनंती आहे. वर्षातून एकदा पन्नास माणसं आणू नका. महिन्याचा एक वार ठरवा, बाजाराचा असेल तर उत्तम, आणि एक डॉक्टर, एक नर्स पाठवा. फलक नको. चिठ्ठी मात्र मराठीतही द्या.

काकूंनी ती जुनी चिठ्ठी पिठाच्या डब्याखाली जपून ठेवली आहे, डॉक्टर परत आले की दाखवायला.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, खानापूर