पाहुणचाराचा बेत पाण्याच्या टाकीपासून आखा

महोदय,

मे महिन्यात साताऱ्यातल्या घरी आठ-दहा पाहुणे उतरणार असले की यजमान आधी आंब्याच्या पेट्या मोजतात, मग फिरायची ठिकाणं ठरवतात. आमचं म्हणणं असं, की पहिला हिशेब पाण्याचा करावा, दुसरा घड्याळाचा, आणि जेवणाचा बेत त्यानंतर ठरवावा. उलट्या-जुलाब, घाटात तापलेली गाडी, दुपारी दोन वाजता शेगडीपुढे घामाघूम झालेली घरची बाई, हे सगळं हा क्रम चुकल्यामुळे होतं.

शहराच्या पाणीयोजना आखताना माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. म्हणजे आठ पाहुणे आले की रोजचं हजार लिटरहून जास्त पाणी वाढलं. गच्चीवरची हजार लिटरची टाकी घरच्या चौघांना जवळजवळ दोन दिवस जाते. तीच बाराजणांत संध्याकाळच्या आत तळाला जाते. टाकी तळाला गेली की खाली साचलेला गाळ नळात उतरतो, आणि तेच पाणी प्यायच्या भांड्यात येतं. म्हणून टाकी धुवायची ती पाहुणे यायच्या आठवडाभर आधी, आणि नळाच्या वेळेत मोटर लावायचं काम घरातल्या एकाच माणसाकडे द्यायचं. ‘कुणीतरी लावेल’ म्हटलं की ती लागत नाही. आंघोळ बादलीनेच करावी. एक बादली म्हणजे १५ ते २० लिटर. शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहिलं तर त्याच्या तिप्पट-चौपट पाणी जातं. हे पाहुण्यांना पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगावं. सांगण्यात काही कमीपणा नाही, आणि इथल्या नळाची वेळ त्यांना ठाऊक असायचं कारणही नाही.

प्यायच्या पाण्याचं गणित वेगळं. उन्हाळ्यात माणशी ३ लिटर धरले तर पंधरा माणसांना ४५ लिटर लागतात. घरगुती फिल्टरची साठवण सात-आठ लिटरची असते आणि तो थेंबाथेंबाने भरतो. दोन पंगतींत तो रिकामा होतो आणि मग कुणीतरी सरळ नळाचं पाणी तांब्यात भरतं. फिल्टर रात्रभर चालवून झाकणाच्या कळशा भरून ठेवाव्यात. फिल्टर नसेल तर पाणी खळखळून उकळू द्यावं, उकळी मिनिटभर टिकू द्यावी आणि त्याच भांड्यात झाकून निवू द्यावं. माठ बैठकीच्या खोलीत, वारा लागेल तिथे ठेवावा. साताऱ्याच्या कोरड्या हवेत तो उत्तम गार करतो, कारण पाणी पाझरून बाहेरून वाळतं तेव्हाच आतलं गार होतं. माठ बाहेरून साबणाने घासू नये. छिद्रं बुजली की तो नुसती मातीची घागर होऊन बसतो. माठाचा आणखी एक मोठा फायदा म्हणजे गार पाण्यासाठी मुलं दर पाच मिनिटांनी फ्रिज उघडत नाहीत.

फ्रिज उघडत राहिला तर काय होतं, हे जेवणाच्या बाबतीत फार महत्त्वाचं आहे. आतलं तापमान ५ अंशांखाली राहिलं तरच उरलेलं अन्न टिकतं. भरगच्च फ्रिजमध्ये गरम पातेलं ठेवलं तर तेही निवत नाही आणि शेजारचं दूधही तापतं. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि पारा बत्तिशीच्या वर असेल तर एकाच तासात आत जायला हवं. मे महिन्यातल्या दुपारी आपलं स्वयंपाकघर त्याहून गरमच असतं.

सगळ्यात जास्त धोका भाताचा, आणि त्याकडेच कुणी संशयाने बघत नाही. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. ते शिजवूनही मरत नाहीत. कोमट भात पातेल्यात तसाच राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. त्यामुळे रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात केला, तर कितीही परतला तरी तासा-दोन तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. उपाय सोपा आहे. भात उरला की लगेच परातीत पातळ पसरावा, निवला की पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी संपवावा. ओट्यावर विसरलेला भात टाकून द्यावा. मुळात भात उरूच नये म्हणून मापाने शिजवावा. आमटी-भाताच्या जेवणाला माणशी १०० ग्रॅम तांदूळ लागतात. रस-पोळी किंवा पुरणपोळी असेल तेव्हा ६० ग्रॅम पुरतात. पोळ्यांसाठी किलोभर कणकेच्या पंचवीस-सव्वीस होतात. पुरण किलोभर डाळीचं घातलं तर ३५ ते ४० पोळ्या होतात. वीस माणसांना तेवढ्या पुष्कळ झाल्या.

आमरसाचंही असंच. अडीचशे ग्रॅमच्या हापूसचा डझन म्हणजे ३ किलो. साल-कोय जाऊन त्यातला निम्मा, दीड किलो रस हाती लागतो. दीडशे ग्रॅमची वाटी धरली तर एका डझनात दहा वाट्या. वीसजणांना आग्रहासकट तीन डझन बस झाले. आंबे तासभर पाण्यात ठेवावेत, म्हणजे देठाचा चीक निघतो आणि फळ गारही होतं. रस काढला की सगळा पंगतीत आणू नये. निम्मा फ्रिजमध्ये ठेवून लागेल तसा छोट्या भांड्यातून काढावा. बाहेर राहिलेला रस दोन-तीन तासांत फेसाळतो आणि आंबूस वास मारतो. त्यावर साखर घालून तो सुधारत नाही. रसात दूध आधी घालून ठेवू नये, तो लवकर नासतो. तूप आणि मिरपूड पानावर घ्यावी.

आता घड्याळ. आमचा आग्रह असा की मोठी पंगत दुपारी ठेवूच नये. सणाचं जेवण दुपारीच हवं ही रीत थंडीत ठीक, पण चाळिशीच्या आसपास पारा असताना तीन तास पुरणपोळ्या लाटायला लावणं हा घरच्या बाईवर अन्याय आहे. दुपारी भाकरी, पिठलं, कांदा, ताक. कऱ्हाडकडची पाहुणेमंडळी असतील तर आख्खा मसूर, म्हणजे तीही खूश. पंगत रात्री आठनंतर, गच्चीवर सतरंज्या टाकून. ताटं ज्याने त्याने धुवावीत, गाद्या पुरुषांनी घालाव्यात आणि काढाव्यात. हे पाहुण्यांनी स्वतःहून करावं, यजमानाला सांगायला लावू नये. कूलर असेल तर समोरची खिडकी उघडी ठेवावी. बंद खोलीत तो नुसता दमटपणा वाढवतो.

फिरणं सूर्योदयाच्या आगेमागे सुरू व्हावं आणि अकराला माणसं सावलीत यावीत. अजिंक्यतारा पहाटे, सज्जनगडासाठी सहाला घर सोडावं. लिंब गावची बारा मोटेची विहीर उन्हाळ्यात पाहण्याजोगी. खाली उतरलं की हवाच बदलते. मेणवलीचा वाडा आणि घाट, वाईचा ढोल्या गणपती एका सकाळीत होतात. मात्र कासला आणि ठोसेघरला मे महिन्यात पाहुण्यांना नेऊन त्यांची निराशा करू नये. ठोसेघरचा धबधबा पावसाळ्यातला, कासची फुलं ऑगस्टनंतरची. उन्हाळ्यात पठार उघडं दिसतं म्हणून लोक त्यावर गाड्या घालतात, चुली पेटवतात. त्या बोटभर मातीत पुढच्या फुलांचं बी आणि कंद निजलेले असतात. शिवाय यवतेश्वरापासून पुढे सगळं गवत वाळलेलं असतं. एका ठिणगीने डोंगर पेटतो. हे इथल्या माणसाने नाही सांगायचं तर कुणी?

महाबळेश्वर शनिवार-रविवारी टाळावं. जायचंच तर पसरणी घाटाऐवजी मेढा-केळघर मार्गाचाही विचार करावा. चढावर गाडीच्या तापमानाचा काटा वर सरकला तर एसी बंद करावा, बाजूला घेऊन थांबावं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नये, वाफ तोंडावर येते. पुण्याहून येणाऱ्यांनी खंबाटकीच्या चढालाही हे ध्यानात ठेवावं. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर उतरावं. सारखा ब्रेक दाबून ठेवला की तो तापून पकड सोडतो. जळका वास आला की लगेच थांबायचं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणं तर जीवावर बेतणारं. अरुंद वळणावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. मुलांना उपाशीपोटीही नेऊ नये आणि तुडुंब जेवूनही. मोठा गोतावळा असेल तर एसटी बरी: महिलांना निम्मं तिकीट, ६५ ते ७५ वर्षांच्यांना निम्मं, त्यावरच्यांना मोफत. वयाच्या सवलतीला ओळखपत्र जवळ हवं.

एका गोष्टीत मात्र भिडस्तपणा नको. धोम, उरमोडी, बामणोलीचं शिवसागर, माहुलीचा संगम, कुठेही पाहुण्यांच्या मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. मे महिन्यात धरणाचं पाणी मागे सरकतं आणि काठाला गाळ उघडा पडतो. वरून वाळलेला दिसतो, आत गुडघाभर पाय रुततो. पुढे एका पावलात खोली बदलते. धरणातून पाणी सोडलं की खालची नदीही बघता बघता चढते. बोटीत बसायचं तर अंगात लाइफ जॅकेट हवंच. कुणी बुडताना दिसलं तर पट्टीच्या पोहणाऱ्याखेरीज कुणी उडी घेऊ नये; दोर, काठी, साडी फेकावी.

उन्हाने गळून गेलेल्याला लिटरभर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट द्यावं. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजतंय असं लागलं, तर तोंडात काही ओतू नये. सावलीत निजवून अंगावर पाणी मारावं, वारा घालावा आणि १०८ला फोन करावा.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. एप्रिल-मेमध्ये दर शुक्रवारी शहराच्या पेठांतल्या आणि उपनगरांतल्या नळाच्या वेळांतले बदल, घाटांतली कामं व वाहतुकीचे बदल आणि एसटीच्या जादा गाड्या एकाच चौकटीत छापाव्यात. शनिवारी सकाळी घर सोडणाऱ्याला शुक्रवारीच ते हाताशी असलं पाहिजे.

– एक वाचक, शाहूपुरी, सातारा