बाबांची दाढदुखी थांबली, म्हणून हे पत्र

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न.

काल फोनवर बाबा म्हणाले, "दाढ दुखायची आपोआप थांबली, आता डॉक्टरकडे कशाला?" मी तेव्हा गप्प बसले, पण झोप लागली नाही. म्हणून लिहिते आहे.

बाबा, आधी तुमची दाढ गार लागलं की शिवशिवायची. मग गरमानं ठणकायला लागली, पुढे रात्री आडवं झालं की कळ यायची. आणि अचानक सगळं शांत. ही दाढ बरी झाल्याची खूण नाही हो. दाताच्या आत नसा आणि रक्तवाहिन्यांचा जिवंत गर असतो. कीड तिथवर पोचली की तो सुजतो, पण भोवती टणक भिंती, सुजेला जागाच नाही. ती कळ त्याची. गर मेला की कळ थांबते. जंतू मात्र आतच राहतात आणि मुळाच्या टोकाशी, जबड्याच्या हाडात पू धरतो. नुसत्या गोळ्यांनी हे मिटत नाही, कारण मेलेल्या गराला रक्तच पोचत नाही, मग औषध कुठून पोचणार?

यावरचा उपाय म्हणजे रूट कॅनाल, त्याची भीती मनातून काढा. आधी जागा बधिर करतात. मग बारीक सुयांसारख्या फायलींनी मुळांतल्या नळ्या साफ करून त्यात गट्टापर्चा नावाचा रबरासारखा पदार्थ भरतात. वर कॅप बसवतात, आणि ती टाळू नका. आतून पोकळ झालेली दाढ चावताना तडकते. एक्स-रे पाहून डॉक्टर 'काढावीच लागेल' म्हणाले तर काढू, पण नंतर मोकळी जागा तशीच सोडायची का, हे त्यांना नक्की विचारू. शेजारचे दात त्या जागेकडे कलतात.

रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे हे त्यांना आधीच सांगा. स्वतःच्या मनानं ती बंद करू नका. साखरेचंही सांगा. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही, दोन्ही एकमेकांना ओढतात.

आई, आता तुझं. हिरडीतून रक्त येतं म्हणून तू तिथे ब्रश फिरवायचंच सोडलंस. रक्त बहुतेक वेळा तिथे मळ साचल्यामुळेच येतं, त्यामुळे मऊ ब्रशनं तिथेच हळुवार घासायला हवं. आणि डॉक्टरकडून सफाई केल्यानं दात हलायला लागतात हा समज सोड. किटण, म्हणजे दातांवर साचून टणक झालेला मळ, हिरडीला आणि हाडाला मागे सारतं, दात त्यानं सैल होतो. किटण काढल्यावर ते फक्त जाणवतं. अर्धी कवळीही रात्री काढून साध्या पाण्यात ठेवत जा. हिरड्यांना विसावा हवा.

छोटीला मागच्या बाजूला नवी दाढ येते आहे. दुधाचा एकही दात न पडता, सगळ्यांच्या मागे, सहाव्या वर्षाच्या सुमाराला येणारी ही दाढ कायमची असते. दुधाचीच समजून पुष्कळ घरांत तिच्याकडे दुर्लक्ष होतं. तिच्या खाचा खोल असतात, म्हणून त्या सीलंटनं, म्हणजे दातावर लावायच्या पातळ लेपानं, बुजवून घेणार आहे. माझी दुधाची दाढ किडली तेव्हा 'पडणारच आहे' म्हणून राहू दिली, शेवटी वेळेआधी काढावी लागली. जागा आवळली आणि पुढे तारा लावाव्या लागल्या. तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं, तुमचा काय दोष! छोटी तुमच्याकडे असेल तेव्हा रात्री तिचे दात तुम्हीच घासून द्या. वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, दोन मिनिटं, आणि नंतर नुसतं थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही.

येत्या आठवड्यात दोघांची एकत्रच वेळ घ्या. बाबांच्या सगळ्या गोळ्यांची यादी मी मोठ्या अक्षरात लिहून या पत्रासोबत ठेवली आहे, ती खिशात असू द्या. वेळ ठरली की कळवा, मी रजा काढून येते.

तुमची,
लेक