अंड्यांची राखण

महोदय,
रविवारच्या पुरवणीतील परभक्षी माइटवरील (पिकावरची कीड खाणाऱ्या, कोळ्यांसारख्या सूक्ष्म जीवांवरील) लेखात ‘अंडी घालून मादी निघून जाते’ असे सरसकट विधान आहे. ते पटले नाही. हे माइट जेमतेम अर्धा मिलिमीटरचे, पण काही जातींची मादी अंड्यांजवळ ठाण मांडून बसते. भक्ष्य एकच असल्याने दुसऱ्या जातीचे परभक्षी माइटही त्याच पानावर येतात आणि प्रतिस्पर्ध्याची अंडी फस्त करतात. मादी त्यांना हुसकावते. बांबूच्या पानावर जाळीदार घरटे विणणाऱ्या, शाकाहारी स्टिग्मेओप्सिस लाँगस या माइटच्या जातीत तर नरही शिकाऱ्यावर चालून जातो! म्हणूनच कीडनियंत्रणासाठी दोन परभक्षी जाती एकत्र सोडण्याचा लेखातील सल्ला घाईचा वाटतो. त्या एकमेकींच्या अंड्यांवर तुटून पडल्या, तर पिकावरच्या किडीला मोकळे रान मिळू शकते.

– एक वाचक