मान्यता पाहूनच प्रवेश घ्या

महोदय,

पदवीचे निकाल लागले की ठाण्यात आणि वाशी-नेरुळ पट्ट्यात ‘एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी’च्या जाहिराती झळकू लागतात. या एकाच नावाखाली दोन वेगळे अभ्यासक्रम चालतात, हे अनेक पालकांना शुल्क भरल्यावर कळते. एक विद्यापीठाचा सर्वसाधारण एम.ए. आणि दुसरा भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने मान्य केलेला. पहिला करून अध्यापन, संशोधनाकडे जरूर वळता येते, पण त्याच्या जोरावर परिषदेकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी होत नाही. विद्यापीठाला यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे, एवढे उत्तर इथे पुरेसे नाही. 1992 च्या आरसीआय कायद्याच्या कलम 13 नुसार नोंदणीविना व्यवसाय केल्यास शिक्षेची तरतूद आहे.

आपल्याकडे परवान्याची वेगळी परीक्षा नाही. मान्य अभ्यासक्रम उत्तीर्ण होऊन केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत क्रमांक मिळणे, हाच परवाना. म्हणून खरी तयारी प्रवेशाआधी करायची असते. परिषदेच्या संकेतस्थळावरील यादीत संस्थेचे नाव दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका. मान्यता त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला, ठराविक जागांसाठी आणि ठराविक मुदतीपुरती असते. ‘नूतनीकरण प्रक्रियेत आहे’ असे कार्यालयातून तोंडी सांगितले, तर मान्यतापत्राची प्रत मागा. मिळाली नाही तर पैसे भरू नका.

नोंदणीचा जुना मार्ग असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजीच्या दोन वर्षांच्या एम.फिल.ला यूजीसीने दिलेली मुदत 2025-26 च्या प्रवेशांपर्यंतची होती. दूरशिक्षणाने मानसशास्त्रात एम.ए. करून पुढचे पुढे पाहू, ही वाटही जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून बंद झाली आहे. जुनी माहिती घेऊन फिरणारे विद्यार्थी अजूनही भेटतात.

देखरेखीखालच्या प्रशिक्षणाचा आग्रह कशासाठी, हे एका उदाहरणावरून कळेल. आठ वर्षे चार महिन्यांच्या, म्हणजे 100 महिन्यांच्या मुलाची बिने-कामत ही बुद्धिमापन चाचणी घेतली. तिच्यात मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागून शंभरने गुणले की बुद्ध्यांक मिळतो. मानसिक वय 72 महिने आले, तर बुद्ध्यांक 72. आता समजा, परीक्षकाने मूल कंटाळलेले पाहून चाचणी लवकर थांबवली आणि वरच्या वयोगटातले, प्रत्येकी दोन महिन्यांचे, मुलाला आले असते असे दोन प्रश्न विचारायचेच राहिले. मानसिक वय 68 महिने, बुद्ध्यांक 68. सौम्य बौद्धिक अक्षमतेची पट्टी 50 ते 69 ची आहे. म्हणजे दोन न विचारलेल्या प्रश्नांनी मूल त्या पट्टीत ढकलले गेले. सर्व प्रश्न चुकतील त्या वयोगटापर्यंत जायचे असते, हे पुस्तकात छापलेलेच आहे. पण रडवेल्या मुलाला थोडी विश्रांती देऊन पुन्हा बसवायचे कसे, हे अनुभवी व्यक्ती शेजारी बसल्याशिवाय शिकता येत नाही. म्हणूनच प्रवेशाआधी विचारा: प्रत्यक्ष रुग्ण कुठे पाहायला मिळतील, बाह्यरुग्ण विभाग आठवड्यातून किती दिवस, आणि अहवाल तपासून त्यावर सही कोण करणार? ‘हॉस्पिटलशी टायअप आहे’ हे त्याचे उत्तर नव्हे.

ठाणे-नवी मुंबईतील महाविद्यालयांना विनंती आहे की, परिषदेच्या मान्यतापत्राचा क्रमांक, मुदत आणि जागा प्रवेश अर्जाच्या पहिल्याच पानावर छापाव्यात. मान्यता नसेल तर ‘या पदवीने आरसीआय नोंदणी मिळत नाही’ असे तिथेच मराठीत, ठळक अक्षरांत लिहावे.

– मानसशास्त्राच्या एक प्राध्यापिका, ठाणे (पश्चिम)