आयर्लंडची खुली सीमा आणि भारतीय पासपोर्ट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ब्रेक्झिटनंतरच्या, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतरच्या आयर्लंडविषयी आपल्या दैनिकात नुकताच प्रसिद्ध झालेला लेख वाचला. ब्रिटन आणि युरोपीय संघ यांनी भांडत-तंडत का होईना, आयर्लंड बेटावरची, स्वतंत्र आयर्लंड आणि ब्रिटनचा भाग असलेले उत्तर आयर्लंड यांमधली सीमा खुली ठेवली, हे लेखकाचे म्हणणे मान्य आहे. मात्र आयर्लंडमधल्या डब्लिनहून उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला आता कुणीही सहज जाऊ-येऊ शकतो, असा जो समज त्यातून होतो, तो येथे आयर्लंडमध्ये शिकायला आणि नोकरीला येणाऱ्या आपल्या मुलामुलींना अडचणीत आणू शकतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

ही सीमा सुमारे ५०० किलोमीटर लांब असून ती ओलांडणारे रस्ते दोनशेहून अधिक आहेत. त्यांपैकी एकावरही फाटक नाही की पासपोर्ट पाहणारा शिपाई नाही. वेगमर्यादेचे आकडे किलोमीटरऐवजी मैलांत दिसू लागले आणि रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी झाली, की आपण ब्रिटनच्या हद्दीत आलो असे समजायचे. आयर्लंडमधल्याच क्लोन्स ते कॅव्हन या छोट्याशा रस्त्यावर तर ही सीमा चार वेळा ओलांडली जाते. हा मोकळेपणा उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार थांबवणाऱ्या १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने आणि त्यानंतरच्या शांततेने दिलेला आहे. त्यापूर्वी या वाटांवर लष्करी चौक्या होत्या. ऑगस्ट १९७२ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या न्यूरीच्या जकात चौकीत झालेल्या बॉम्बस्फोटात नऊ जण मरण पावले. ब्रेक्झिटच्या वाटाघाटी चालू असताना, ऑक्टोबर २०१८ मध्ये, आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर यांनी ब्रसेल्समध्ये युरोपीय नेत्यांसमोर त्याच स्फोटाची आठवण सांगणारे वर्तमानपत्र ठेवले होते. ज्यांच्या वडिलांचे गाव मालवण तालुक्यातील वराड, त्या माणसाने या प्रश्नावर इतका चिवटपणा दाखवला, याचा येथील मराठी माणसांना अभिमान वाटला तर नवल नाही.

ब्रेक्झिटनंतर मालाची तपासणी कुठे करायची, हा प्रश्न शेवटी सुटला तो सीमा समुद्रात ढकलून. उत्तर आयर्लंड वस्तूंच्या बाबतीत युरोपीय नियमांशी जोडलेला राहिला आणि ब्रिटनहून येणाऱ्या मालाची तपासणी लार्न, बेलफास्ट यांसारख्या बंदरांवर आली. त्यावरून दोन वर्षे तेथील विधिमंडळ ठप्प झाले, २०२३ मध्ये ही तपासणी सौम्य करणारा विंडसर आराखडा आला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकार पुन्हा स्थापन झाले. आपल्या लेखात हे सविस्तर आलेच आहे.

माणसांचे गणित वेगळे आहे आणि लेखात नेमके तेच निसटले आहे. ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांना एकमेकांच्या देशात राहण्याची, काम करण्याची मुभा १९२० च्या दशकापासून चालत आलेल्या सामाईक प्रवास क्षेत्रामुळे आहे आणि ब्रेक्झिटने तिला धक्का लागला नाही. फ्रेंच किंवा जर्मन पर्यटकाला मात्र एप्रिल २०२५ पासून उत्तर आयर्लंडात पाऊल ठेवण्यापूर्वी ब्रिटनची ऑनलाइन प्रवास परवानगी काढावी लागते. तीच अट डब्लिनला उतरून उत्तर आयर्लंडमधले जायंट्स कॉजवे हे पर्यटनस्थळ पाहायला निघालेल्या अमेरिकन प्रवाशालाही आहे. असे व्हिसामुक्त देशांचे नागरिक आयर्लंडमध्ये कायदेशीर राहत असतील, तर त्यांना सीमा ओलांडताना या परवानगीतून सूट आहे.

भारतीय पासपोर्टधारकाला ही सूट नाही, कारण त्याला मुळात व्हिसाच लागतो. डब्लिनमध्ये वर्षानुवर्षे नोकरी करून कर भरणाऱ्या, आयआरपी कार्ड (आयर्लंडचे निवास परवाना कार्ड) खिशात बाळगणाऱ्या भारतीयालाही बेलफास्टला जायचे तर ब्रिटनचा स्वतंत्र व्हिसा घ्यावा लागतो. ही अट ब्रेक्झिटने आणलेली नाही. ती आधीही होती, एवढे मान्य करायलाच हवे. भारतीय पर्यटकांसाठी मात्र ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना आहे. ज्या देशाने व्हिसा दिला तेथे आधी उतरले आणि व्हिसावर तसा शेरा असला, की त्याच व्हिसावर दुसऱ्या देशातही फिरता येते. परिणाम असा, की पुण्याहून दोन आठवड्यांसाठी आलेले आईवडील खुशाल बेलफास्ट पाहून येतात आणि त्यांना बोलावणारा मुलगा डब्लिनमध्येच थांबतो!

यातली खरी मेख नकाशात आहे. डब्लिनहून डोनेगल जिल्ह्यातल्या लेटरकेनीला जाणारा नेहमीचा रस्ता मोनाहनच्या पुढे सीमा ओलांडतो, ओमा आणि स्ट्रबान या उत्तरेतल्या गावांतून जातो आणि पुन्हा आयर्लंडमध्ये शिरतो. बसही त्याच वाटेने जाते. तिकीट काढताना कुणी व्हिसा विचारत नाही, वाटेत फलकही नाही, आणि फोनवरचा नकाशा हाच मार्ग जवळचा म्हणून दाखवतो. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला आपण एका देशातून दुसऱ्या देशात विनापरवाना शिरलो, याचा पत्ताही लागत नाही. नियमाने जायचे तर आयर्लंडच्या हद्दीतूनच, स्लायगोवरून मोठा वळसा घ्यावा लागतो. डोनेगलमधल्या कर्करोगाच्या रुग्णांना रेडिओथेरपीसाठी सीमेपलीकडच्या डेरीच्या रुग्णालयात पाठवण्याची उत्तम सोय दोन्ही सरकारांनी मिळून केली आहे; पण तेथे राहणाऱ्या भारतीय परिचारिकेवर ती वेळ आली, तर उपचाराआधी व्हिसाचा विचार करावा लागेल.

आणि तपासणी होतच नाही, असेही कुणी समजू नये. उत्तरेकडून येणाऱ्या बस आणि रेल्वेगाड्यांत आयरिश पोलीस अधूनमधून कागदपत्रे पाहतात. आश्रय मागणाऱ्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक लोक या सीमेवरूनच येतात, असे आयर्लंडच्या तेव्हाच्या न्यायमंत्री हेलन मॅकएन्टी यांनी २०२४ मध्ये सांगितल्यापासून हा विषय अधिकच तापला. कुणाकडे पाहून कागद मागायचे, हे ठरवताना कातडीचा रंग आड येतो, अशी तक्रार येथे वारंवार ऐकू येते आणि मला ती निराधार वाटत नाही. विनाव्हिसा सापडल्याची नोंद पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जाच्या वेळी आडवी येऊ शकते, हे वेगळेच.

आयर्लंडमधल्या कायदेशीर रहिवाशाला सूट देण्याचे तत्त्व ब्रिटनने इतर देशांच्या नागरिकांबाबत मान्य केलेच आहे. ते भारतीय रहिवाशांनाही, निदान अल्पकालीन प्रवासासाठी आणि डोनेगलच्या रस्त्यापुरते तरी लागू करावे, हा विषय आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने लंडन आणि डब्लिन या दोन्हीकडे मांडायला हवा. तोवर, सप्टेंबरमध्ये महाविद्यालये सुरू होण्यापूर्वी आपल्या शैक्षणिक पुरवणीत ही माहिती ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, डब्लिन