झोपेतून उठताना बंद पडणाऱ्या माझ्या पीसीसाठी एवढा वेळ देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव लिहित नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये, पण हे पत्र तुम्हालाच आहे आणि सगळ्यांसमोर लिहायचंय कारण फोनवर नुसतं थँक्यू म्हणून माझं समाधान झालं नाही.

माझा पीसी दिवसभर एकदम व्यवस्थित चालायचा. कितीही टॅब उघडा, व्हिडिओ एडिट करा, काही नाही. पण स्लीपला टाकला आणि परत येऊन कीबोर्डचं बटण दाबलं की पंखे सुरू, लाइट सुरू, स्क्रीन मात्र काळी, आणि थोड्या वेळाने आपोआप रीस्टार्ट, म्हणजे उघडं असलेलं सगळं काम गेलं. दरवेळी नाही, कधीकधीच, आणि त्यामुळेच जास्त वैताग, कारण दुरुस्तीला नेला की तिथे नीट उठायचा. ज्याला विचारावं तो म्हणे फॉरमॅट मार, एकाने तर थेट मदरबोर्डच बदलायला सांगितला.

तुम्ही पहिल्यांदा म्हणालात, "काहीही बदलू नका, आधी काय घडतंय ते बघू." ताई, या एका वाक्यासाठीच मी तुमचा खूप ऋणी आहे.

मग तुम्ही इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची घडामोडींची नोंदवही) उघडायला लावलात आणि तिथे लाल खुणेची कर्नल-पॉवर ४१ ची ओळ होती. मला वाटलं सापडलं कारण! तुम्ही शांतपणे सांगितलंत की ही ओळ फक्त एवढंच म्हणते की मशीन नीट शटडाउन न होता परत चालू झालं, का ते नाही सांगत. त्याच नोंदीच्या डिटेल्समध्ये जाऊन बगचेककोड, म्हणजे विंडोज कशामुळे कोसळलं त्याचा नंबर, वाचायला सांगितलात, तिथे १५९ होतं. हा आकडा दशमान आहे, निळ्या स्क्रीनचे (विंडोज कोसळल्यावर येते ती) कोड सोळाच्या पद्धतीत असतात, तिथे पंधराला एफ लिहितात, मग नऊ सोळे एकशे चव्वेचाळीस आणि वर पंधरा, म्हणजे ९एफ, असं तुम्ही माझ्याकडून करून घेतलंत. ९एफ म्हणजे ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर, म्हणजे एखादा ड्रायव्हर (डिव्हाइस चालवणारा छोटा प्रोग्राम) झोपताना-उठताना अडकला. तिथे शून्य असतं तर विंडोजला कोड नोंदवायलाही वेळ मिळाला नाही, मग पॉवर सप्लाय किंवा हार्डवेअर हँगकडे आधी बघायचं हेही तेव्हाच सांगितलंत. इतक्या लोकांनी माझं मशीन बघितलं पण तो आकडा कोणी उघडून बघितला नव्हता.

तुम्ही समजावलं ते मला अजून तसंच आठवतंय. पॉवरसीएफजी स्लॅश ए ही कमांड चालवून माझ्याकडे एस३ स्लीप आहे हे बघितलं (नवीन बऱ्याच लॅपटॉपमध्ये एस० वाला मॉडर्न स्टँडबाय असतो, तिथलं गणित वेगळं). एस३ मध्ये रॅमला वीज मिळत राहते, बाकी जवळपास सगळं बंद. उठताना बायॉसने (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामने) आधी मशीन जागं करायचं, मग विंडोज एकेका ड्रायव्हरला सांगणार की तुझं डिव्हाइस उठव, आणि एकानेही ठरलेल्या वेळेत उत्तर दिलं नाही तर विंडोज पुढे जात नाही, निळी स्क्रीन. म्हणून दिवसभर काम करताना सगळं ठीक आणि उठतानाच घोटाळा. बायॉस, विंडोज आणि ड्रायव्हर तिघांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम म्हणजे एसीपीआय, १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने आणलेले, म्हणून तिघांपैकी एक जरी जुना राहिला तरी त्रास होऊ शकतो. हे ऐकल्यावर पहिल्यांदा डोक्यात प्रकाश पडला.

मिनिडंप फोल्डर, जिथे क्रॅशच्या वेळची माहिती फाइलमध्ये साठते, ते रिकामं निघालं तेव्हा मी नाराज झालो होतो. तुम्ही मात्र लगेच विचारलंत की पेज फाइल (रॅमला जोड म्हणून डिस्कवर ठेवलेली फाइल) चालू आहे का. कोणीतरी स्पीड वाढवायला म्हणून ती बंद करून ठेवली होती, आणि सी ड्राइव्हवर पेज फाइल नसली की डंप लिहायला जागाच नाही. ती चालू केली, ऑटोमॅटिकली रीस्टार्टची टिक काढली, आणि मग क्रॅशची वाट बघितली. पुढचा क्रॅश झाला तेव्हा मला चक्क आनंद झाला! तुम्ही विनडीबीजी या डंप वाचायच्या प्रोग्राममध्ये तो डंप उघडलात, अॅनलाइझची कमांड दिलीत, आणि अडकून बसलेलं डिव्हाइस निघालं वाय-फाय कार्ड.

तिथेही तुम्ही घाई केली नाहीत. आधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन त्या कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली टिक काढली, म्हणजे वीज वाचवायला विंडोज ते कार्ड बंद करणार नाही, आणि तसंच काही दिवस वापरायला सांगितलंत. मग मदरबोर्ड बनवणाऱ्यांच्या पेजवरून त्या कार्डाचा नवा ड्रायव्हर, मग ती टिक परत लावून पुन्हा तपासणी. एका वेळी एकच बदल. सगळं एकदम केलं असतं तर पीसी नीट झाला असता कदाचित, पण कशामुळे झाला हे कधीच कळलं नसतं. बायॉस अपडेटबद्दल मीच विचारलं तर म्हणालात की आत्ता गरज नाही, मध्येच लाइट गेली तर बोर्डच बसेल. दुसरं कोणी असतं तर उत्साहात करायला लावलं असतं.

आता ती टिक लागलेली आहे, ड्रायव्हर नवा आहे, आणि पीसी झोपतो आणि उठतो. उघडी फाइल जिथे सोडली तिथेच सापडते, कर्सरसुद्धा त्याच ओळीवर. पूर्वी जागेवरून उठायच्या आधी सगळं सेव्ह करून शटडाउन करायचो, ते आता थांबलंय.

स्वतःचं ऑफिस सांभाळून, रात्री उशिरा, एकही पैसा न घेता, माझे तेच तेच प्रश्न ऐकत तुम्ही हे केलंत. एकदाही "तुम्हाला नाही कळणार" असं म्हणाला नाहीत. मनापासून आभार ताई, खरंच.

आणि हो, माझ्या मामेभावाच्या पीसीलाही असाच त्रास आहे, त्याच्या ४१ च्या नोंदीत मात्र बगचेककोड शून्य दिसतोय. रॅमचा एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग) बंद करून बघतोय, आज रात्री रॅम तपासणारा मेमटेस्ट लावून ठेवतो आणि काय निघालं ते तुम्हाला कळवतो.

तुमचाच,
एक आभारी भाऊ