मंत्रिमहोदय, एका धुण्याचा खर्च पाकिटावर छापा

प्रति,
मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
कृषी भवन, नवी दिल्ली

महोदय,

सादर नमस्कार. धुण्याच्या पावडरीसाठी थेट केंद्रीय मंत्र्यांना पत्र लिहायचे का, असे आमच्या घरात मला विचारून झाले. मला ते लिहावेसे वाटले, कारण मी जी माहिती मागते आहे ती दुकानदाराकडे नाही, कंपनी आपणहून देत नाही आणि ती द्यायला लावण्याचा अधिकार आपल्याच मंत्रालयाकडे आहे.

आता आमच्या लातूरसारख्या शहरातही सुपरमार्केटे आली आहेत. तिथे सर्फ एक्सेल, एरियल, टाइड यांच्या शेजारी त्या दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडची पावडर ठेवलेली असते. नामांकित पावडरीपेक्षा ती बरीच स्वस्त असते. महिन्याचा किराणा भरताना बायका तिथे हमखास घुटमळतात. स्वस्तातली नेली आणि शाळेचे शर्ट पिवळटच राहिले तर? महागाची नेली आणि वरचे पैसे नुसते जाहिरातीचे असले तर? पाकीट उलटेपालटे करून पाहिले, तरी यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्यावर नसते. मागे उत्पादक म्हणून एका कारखान्याचे नाव असते, विपणन म्हणून दुसऱ्या कंपनीचे असते. आत काय आहे, ते नसते.

आपल्या मंत्रालयाने या बाबतीत काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, 2011 मध्ये 2021 साली दुरुस्ती झाली आणि पाकिटावर एकक विक्री किंमत, म्हणजे एका ग्रॅमला किंवा एका किलोला पडणारा भाव, छापणे आले. त्याच दुरुस्तीने वजनांचे बंधन गेले. त्याआधी धुण्याची पावडर ठरावीक वजनांच्या पाकिटांतच विकावी लागे, आता कोणत्याही वजनाचे पाकीट काढता येते. त्या बदल्यात ग्राहकाला एकक भाव मिळाला, आणि कल्पना चांगलीच होती. पण तो छापतात कसा, ते एकदा पाहावे. किलोच्या आतले पाकीट असेल तर भाव ग्रॅममागे, किलोच्या वरचे असेल तर किलोमागे, आणि आकडा दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत. म्हणजे अर्धा किलोच्या पाकिटावर ‘0.14 रुपये प्रति ग्रॅम’ असे येते. हा आकडा किलोला 135 रुपये पडणाऱ्या पावडरीवरही येईल आणि 144 रुपये पडणाऱ्या पावडरीवरही येईल. किलोमागे नऊ रुपयांचा फरक त्या दोन दशांशांतच गडप होतो. शेजारी चार किलोची पिशवी असली तर तिच्यावरचा आकडा किलोचा. ज्या बाईच्या कडेवर मूल आहे आणि मागे बिलासाठी रांग वाढते आहे, तिने हा हिशेब तिथे उभ्या उभ्या करायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे हा भाव छापील किमतीवर काढलेला असतो. सुपरमार्केटात छापील किमतीला फारसे काही विकले जात नाही. दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडवर तर मोठी सूट असते, नाहीतर ‘एकावर एक मोफत’. अशा वेळी पाकिटावरचा एकक भाव आणि हातातून जाणारे पैसे यांचा मेळ बसत नाही.

हे सगळे दुरुस्त झाले तरी खरा प्रश्न उरतोच. पावडर आपण किलोने विकत घेतो आणि वापरतो मात्र धुण्याला. समजा, एक पावडर 80 रुपये किलो आहे आणि बादलीभर कपड्यांना ती 100 ग्रॅम लागते. धुणे आठ रुपयांना पडले. दुसरी 140 रुपये किलो आहे, पण 50 ग्रॅमांत काम होते. धुणे सात रुपयांना पडले. यातली स्वस्त कोणती? आणि याच्या नेमके उलटही असू शकते, दुकानाची पावडर तितक्याच ग्रॅमांत तितकेच स्वच्छ धूत असेल आणि आम्ही वर्षानुवर्षे नावाचे पैसे मोजत असू. दोन्ही शक्य आहे, आणि माझा सगळा त्रागा एवढ्यासाठीच आहे की यातले कोणते खरे, हे कळायला मार्ग नाही.

मी घरी करून पाहिले. एक जुनी पांढरी सुती चादर फाडली, तिच्या तुकड्यांवर वरणाचे, दुधाच्या चहाचे, खोबरेल तेलाचे आणि मातीचे डाग पाडून ते रात्रभर वाळू दिले. एका घमेल्यात नामांकित पावडर, दुसऱ्यात दुकानाची, दोन्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर सारख्याच तोलून. पाणी बोअरचेच. पावडर लागताच दोन्हीकडे वरणाचा पिवळा डाग लालभडक झाला. हळद सोड्याच्या पाण्यात लाल होतेच, त्यात पावडरीचा दोष नाही, आणि उन्हात वाळल्यावर दोन्ही तुकड्यांवरची हळद सारखीच फिकी पडली. ते श्रेय उन्हाचे. माती दोन्हींत निघाली. फरक दिसला तो चहात आणि तेलात. दुकानाच्या पावडरीने धुतलेल्या तुकड्यावर तेलाची कड बोटाला लागत होती, चहाचा पुसट डाग राहिला होता. मग दुकानाची पावडर दीडपट घेऊन पुन्हा धुतले, तर तेल गेले, चहा मात्र राहिला.

यावरून मी कुठल्याही पावडरीला बरे-वाईट म्हणणार नाही. एका घरातल्या दोन घमेल्यांवरून तसे म्हणणे अन्यायाचे होईल. पण असे का होत असावे, हे समजून घेता येते. पावडरीत मळ सोडवणारा मुख्य घटक असतो, बहुतेक वेळा लिनियर अल्किल बेंझिन सल्फोनेट. त्याच्या जोडीला धुण्याचा सोडा असतो, आणि वजन भरायला सोडियम सल्फेट किंवा साधे मीठही असते. महाग पावडरींत बहुधा विकरे, म्हणजे ठरावीक डाग तोडणारी एन्झाइम, असतात. प्रोटिएज दूध, रक्त, अंडे यांचे डाग तोडते, अमायलेज पिठाचे आणि भाताच्या पेजेचे, लायपेज तेलातुपाचे. कपडा पांढरा दिसावा म्हणून वेगळे चमकद्रव्य घालतात, त्याने मळ निघत नाही, नजरेला उजळ दिसते एवढेच. आता किलोभर पावडरीत मुख्य घटक किती, भरताड किती, विकरे आहेत की नाहीत, हे पाकिटावर असते तर मला चादर फाडावी लागली नसती.

आमच्याकडे पाण्याचाही प्रश्न आहे. बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पावडरीचा बराच जोर खाऊन टाकतात. फेस येत नाही म्हणून बाई आणखी एक मूठ टाकते. जास्तीची पावडर कपड्यातून काढायला जास्तीची बादली लागते. 2016 साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरात जास्तीची बादली म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. हाताने धुणाऱ्यांचे तळवे सोड्याने सोलवटतात, हेही त्याच जास्तीच्या मुठीचे देणे. चार घरची धुणी करणारी बाई मालकीण देईल ती पावडर वापरते. ती कोणती आणि किती घ्यायची, याची निवड तिच्या हातात नसते. भोगायचे मात्र तिच्याच हातांना.

युरोपीय संघाने 2004 साली केलेल्या नियमात हे सगळे आले आहे. मुख्य घटक 5 टक्क्यांच्या आत, 5 ते 15, 15 ते 30 की त्याहून जास्त, ते पाकिटावर लिहावे लागते. विकरे, चमकद्रव्य, सुगंध असतील तर तेही. आणि मऊ, मध्यम आणि जड पाण्याला किती ग्रॅम किंवा किती मिलिलिटर घ्यायचे, एका पाकिटात मशीनची किती धुणी होतात, हेही. तिकडे जर्मनीत 1964 साली स्थापन झालेली श्टिफ्टुंग वारेनटेस्ट ही संस्था बाजारातून माल विकत घेऊन तपासते आणि निकाल नावानिशी छापते. स्वस्त दुकानांच्या स्वतःच्या पावडरी तिथे कितीदा तरी बड्या नावांच्या बरोबरीने किंवा पुढे आल्या आहेत. लोकांनी मग खुशाल स्वस्तातली घेतली.

आपल्याकडे मात्र तुलना करतात त्या कंपन्याच, जाहिरातीतून. 2010 साली रिनच्या जाहिरातीत टाइडचे पाकीट उघडउघड दाखवले गेले आणि प्रकरण कोलकाता उच्च न्यायालयात गेले. भांडण दोन कंपन्यांचे होते, निकालही त्यांच्यापुरता. कपडे धुणाऱ्याला त्यातून काहीच कळले नाही. 1969 साली अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी स्वस्त निरमा काढली, तेव्हा घराघरांतल्या बायकांनी वापरून पाहूनच तिचा निवाडा केला. तेव्हा पर्याय मोजके होते. आज एकाच रॅकवर पाच कंपन्या, हाताची वेगळी, मशीनची वेगळी, द्रव वेगळे. सगळे वापरून पाहायला कुणाचे बजेट पुरणार?

महोदय, ग्राहक संरक्षण कायदा, 2019 वस्तूचा दर्जा, प्रमाण, क्षमता, शुद्धता, मानक आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क आम्हाला देतो. भारतीय मानक ब्यूरो आपल्या मंत्रालयाखाली आहे, आणि घरगुती धुण्याच्या पावडरीसाठी त्याचे आयएस 4955 हे मानकही आहे. माझ्या घरात आलेल्या पाकिटांवर मात्र त्याची खूण मला कधी दिसली नाही. राष्ट्रीय परीक्षण शाळा आपल्याच विभागाची, तिचे केंद्र मुंबईतही आहे. दिल्लीची कन्झ्युमर व्हॉइस आणि अहमदाबादचे सीईआरसी या ग्राहक संस्थांना तुलनात्मक चाचण्यांचा अनुभव आहे. नियम करणारे, मानक ठरवणारे, तपासणारे, सगळे हाताशी आहेत.

म्हणून माझी विनंती अशी. एकक भाव सगळ्या पाकिटांवर किलोमागेच छापायला लावा आणि सुपरमार्केटांना तो विक्रीच्या किमतीवर काढून रॅकवर लावायला सांगा. मुख्य घटकाचे प्रमाण आणि विकरे आहेत की नाहीत, हे पाकिटावर आणा. मऊ आणि जड पाण्याला किती ग्रॅम, आणि एका पाकिटात बादलीची आणि मशीनची किती धुणी, हे मराठीसह त्या त्या राज्याच्या भाषेत आणि वाचता येईल अशा अक्षरांत छापायला लावा. ही सक्ती बड्या कंपनीला आणि सुपरमार्केटच्या ब्रँडला सारखीच असावी, कोणाला सवलत नको.

नियम बदलायला वेळ लागतो, हे मी समजू शकते. पण चाचणीला नियम बदलावा लागत नाही. परीक्षण शाळेच्या मुंबईच्या केंद्राने दुकानांतून नामांकित आणि सुपरमार्केटांच्या पावडरी विकत आणाव्यात, नळाच्या पाण्यात आणि मराठवाड्यातल्या बोअरच्या पाण्यात एकसारखे डाग धुऊन पाहावेत, आणि एका धुण्याला किती रुपये पडले ते नावानिशी जाहीर करावे. बोअरचे पाणी लागले तर आम्ही इथून कॅन भरून पाठवू.

उत्तराची वाट पाहते.

कळावे,
आपली नम्र,
लातूरची एक गृहिणी